कोरोला, दलपुंज आणि पाकळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीला फुलाची रचना शिकवायला घेतली की मुलांचे मेसेज सुरू होतात. दसऱ्याच्या आधी झेंडूचे ढीग लागले की त्यांच्या पालकांचे. सांगोला, मंगळवेढ्याकडचे डाळिंबवाले मात्र वर्षभर काही ना काही विचारत असतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर मधूनच वाचलं तरी कळेल. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, कोरोला म्हणजे एका वाक्यात काय?

एका फुलातल्या सगळ्या पाकळ्यांचा मिळून होणारा वेढा म्हणजे कोरोला, मराठी पाठ्यपुस्तकातला दलपुंज.

आता जरा सविस्तर. देठाच्या टोकाशी फूल चार वेढ्यांत रचलेलं असतं. सगळ्यात बाहेर निदलपुंज, तो बहुधा हिरवा. त्याच्या आत दलपुंज. त्याच्या आत पुंकेसरांचा, म्हणजे पराग देणाऱ्या नर भागांचा, पुमंग, आणि अगदी मध्यावर स्त्रीकेसरांचं जायांग, ज्याचं पुढे फळ होतं. प्रत्येक फुलात चारही वेढे असतातच असं नाही. पण असतील तर याच क्रमाने असतात. रंग, वास, आकार हे सगळं नंतर बघायचं, आधी जागा बघायची. बाहेरून दुसरा वेढा, एवढी खूण धरून ठेवलीत तर खालचे निम्मे प्रश्न तुमचे तुम्हालाच सुटतील.

२. मग पाकळी आणि कोरोला एकच ना?

नाही. पाकळी एकेकटी, कोरोला म्हणजे त्या सगळ्या मिळून. जास्वंदीला पाकळ्या पाच, पण दलपुंज एकच. त्यामुळे 'या फुलाला पाच कोरोला आहेत' असं उत्तरपत्रिकेत लिहिलं की गुण जातात. हे दरवर्षी कोणीतरी लिहितंच. उलट धोत्र्याच्या फुलात एकही सुटी पाकळी दाखवता येत नाही, अख्खा पांढरा कर्णाच आहे. तरी तो कर्णा म्हणजे दलपुंजच, कारण पाच पाकळ्या कडेने जुळून तो झाला आहे. त्याच्या काठावर पाच टोकं मोजता येतात.

३. हा शब्द मूळचा कुठला? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ काय?

लॅटिनमध्ये 'कोरोना' म्हणजे डोक्याभोवती बांधायची फुलापानांची माळ. त्याला लहानपण दाखवणारा प्रत्यय लागला आणि 'कोरोल्ला' तयार झाला. अर्थ, छोटी माळ. 'कोरोना' हा शब्द रोमनांनी ग्रीकांकडून घेतला. ग्रीक 'कोरोने' म्हणजे वाकवलेली, वळवलेली वस्तू. म्हणजे शब्दाच्या मुळाशी फूल नाही की रंग नाही, फक्त वळवून गोल करणं आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाचा एकविसावा भाग फुलं आणि माळा यांवर लिहिला आहे. तो सांगतो की रोममध्ये सुरुवातीच्या माळा नाजूक, बारीक असायच्या म्हणून त्यांना कोरोल्ला म्हणत. पुढे तांब्या-पितळेच्या पातळ पत्र्याला सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा देऊन तशाच माळा देऊ लागले, तेव्हा त्यांना 'कोरोलारियम' हे नाव पडलं. या दुसऱ्या शब्दाची गंमत आठव्या प्रश्नात आहे.

फुलाच्या बाबतीत ही माळ कुठे दिसते ते बघायचं असेल तर फूल बाजूने बघू नका. सदाफुलीचं फूल समोर धरून वरून थेट आत बघा. मधल्या बारीक छिद्राभोवती पाच पाकळ्या गोल मांडलेल्या दिसतात. शास्त्रज्ञांना नाव सुचलं ते याच मांडणीवरून.

४. काही ठिकाणी 'मुकुट' असा अर्थ दिलाय, काही ठिकाणी 'माळ'. खरं कोणतं?

दोन्ही. रोमनांकडे हे दोन अर्थ वेगळे नव्हते. युद्धात दुसऱ्या रोमन नागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला ओकच्या पानांचा कोरोना मिळे. शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्याला सोन्याचा, आणि त्यावर तटाचे कंगोरे कोरलेले असत. सर्वात मोठा मान कशाचा होता? वेढ्यात अडकलेली फौज सोडवणाऱ्या सेनापतीला त्याच जागेवरचं गवत उपटून विणलेला कोरोना देत. सोनं गवताच्या खाली! मुकुट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजाचा रत्नजडित मुकुट येतो, तसा तो शब्द मुळात नव्हता. माझं मत विचाराल तर 'छोटी माळ' हाच अर्थ फुलाला जास्त जवळचा.

५. स्पेलिंगमध्ये आर दोन की एल दोन? आणि उच्चार?

आर एक, एल दोन. कारण मूळ शब्दातला 'न' प्रत्ययाच्या 'ल'शी गाठ पडताना स्वतःच 'ल' झाला, म्हणून ल दुहेरी. इंग्रजीत उच्चार 'करॉला'च्या जवळ जातो. वर्गात सगळे कोरोला म्हणतात, तेच म्हणा. अनेकवचन लॅटिन पद्धतीने 'कोरोली' असंही पुस्तकात सापडतं, घाबरू नका.

६. फुलासाठी हा शब्द कोणी आणला?

वनस्पतिशास्त्रात तो रुजवला स्वीडनच्या कार्ल लिनियसने, अठराव्या शतकात. वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत ज्याने पक्की केली तोच हा. त्याच्या आधीही लोक पाकळ्यांकडे बारकाईने बघत होतेच. फ्रान्सच्या तूर्नफोरने १६९४ साली वनस्पतींची जी विभागणी मांडली ती मुख्यतः पाकळ्यांच्या घडणीवर होती. पण पाकळ्यांचा अख्खा वेढा हा फुलाचा एक स्वतंत्र भाग मानून त्याला ठरावीक नाव देणं, आणि तेच नाव शेकडो वर्णनांत नेमाने वापरणं, हे लिनियसचं काम.

१७५१ च्या 'फिलॉसॉफिया बोटॅनिका' या ग्रंथात त्याने फुलाला सरळ लग्नघरच करून टाकलं आहे. निदलपुंज म्हणजे शेज, दलपुंज म्हणजे तिच्याभोवतीचा पडदा, असं तो लिहितो. पुंकेसर नवरे, स्त्रीकेसर बायका. त्या काळच्या काही विद्वानांना हे अश्लील वाटलं होतं. आज अकरावीच्या वर्गात सांगितलं की मागच्या बाकांवर हशा पिकतो, पण वेढ्यांचा क्रम मात्र कोणी विसरत नाही.

७. पेटल, सेपल, टेपल हे पण लॅटिनच का?

नाही, आणि तिघांची वयंही वेगळी आहेत.

पेटल ग्रीक 'पेटालोन'वरून आला. अर्थ, पातळ पान किंवा पत्रा. फुलाची पाकळी आणि झाडाचं साधं पान यांना वेगळे शब्द हवेत हे सतराव्या शतकात इटलीच्या फाबिओ कोलोन्नाने मांडलं आणि पाकळीसाठी 'पेटालम' वापरला. तोवर दोघांनाही पानच म्हणत. आपल्या 'दल' शब्दाचंही तसंच आहे. तुळशीदल, बिल्वदल म्हणताना ते पान असतं, कमलदल म्हणताना पाकळी.

सेपल म्हणजे निदल, निदलपुंजातलं एकेक पान. हा शब्द नेकर या शास्त्रज्ञाने १७९० मध्ये पेटलच्या धर्तीवर घडवला. टेपल तर सरळ अक्षरांची अदलाबदल आहे. फ्रेंचमधल्या 'पेताल'ची अक्षरं फिरवून 'तेपाल' केला. १८२७ मध्ये द कांदोल या स्विस शास्त्रज्ञाने तो वापरात आणला. बाहेरचा वेढा आणि आतला वेढा दिसायला सारखेच असतात, निदल कोणतं आणि पाकळी कोणती हे सांगताच येत नाही, तेव्हा दोघांना मिळून हे नाव. मराठीत परिदल. उदाहरण तेराव्या प्रश्नात.

८. कोरोना विषाणू, गणितातली कोरोलरी आणि टोयोटाची कोरोला… यांचा काही संबंध आहे की योगायोग?

तिन्हींचा संबंध आहे. एकाच घराण्यातले शब्द आहेत.

कोरोना म्हणजे मोठी माळ किंवा मुकुट, हे तिसऱ्या प्रश्नात आलंच. खग्रास सूर्यग्रहणात काळ्या बिंबाभोवती जे तेज दिसतं त्याला कोरोना म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली काही विषाणूंच्या भोवती तशीच झालर दिसली म्हणून १९६८ मध्ये त्या गटाला कोरोनाव्हायरस नाव मिळालं. २०२० नंतर वर्गात 'कोरोला' म्हटलं की निम्मी मुलं 'कोरोना' ऐकतात, त्याला माझा नाइलाज आहे.

कोरोलरी, म्हणजे भूमितीतलं उपप्रमेय, हा माझा आवडता. रोमन पंडित व्हॅरो सांगतो की नट आवडला की प्रेक्षक त्याला रंगमंचावरच छोट्या माळा द्यायचे, कोरोल्ला. त्यावरून ठरलेल्या मोबदल्याच्या वर जे काही दिलं जाईल ते 'कोरोलारियम'. मोडनिंबच्या कलाकेंद्रात बैठकीच्या पैशांच्या वर पडते ती दौलतजादाच म्हणा ना! गणितात प्रमेय सिद्ध केलं की त्याच्या पाठोपाठ वेगळे कष्ट न करता आणखी एक निष्कर्ष हाती लागतो. ही वरची कमाई, म्हणून कोरोलरी.

गाडीचं म्हणाल तर टोयोटाने १९५५ मध्ये क्राउन, १९५७ मध्ये कोरोना आणि १९६६ मध्ये कोरोला काढली. म्हणजे मुकुट, मुकुट आणि छोटा मुकुट. गुगलवर नुसतं कोरोला टाकलं तर गाड्यांचे भाव येणारच. पुढे 'फूल' किंवा 'दलपुंज' जोडा.

९. दलपुंज लिहू की पुष्पमुकुट? पुस्तकागणिक शब्द वेगळे आहेत.

परीक्षेत दलपुंज. पाठ्यपुस्तकं निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग ही चौकडी वापरतात. मराठी विश्वकोशात कोरोलासाठी पुष्पमुकुट आहे आणि बाहेरच्या वेढ्यासाठी संवर्त. विश्वकोश वाचताना गोंधळ होतो तो यामुळेच, वस्तू तीच आहे. पुष्पमुकुट हा लॅटिन शब्दाला धरून केलेला, दलपुंज हा पाकळ्यांना धरून.

मला 'पुंज' शब्द थोडा खटकतो. पुंज म्हणजे ढीग, रास. पाकळ्यांची रास पडलेली नसते, त्या गोलात मांडलेल्या असतात. 'दलमंडल' म्हटलं असतं तर मुलांना वेढ्याची कल्पना आपोआप आली असती. पण पाठ्यपुस्तकात रुळलेला शब्द आहे, तोच लिहा.

१०. पाकळ्या सुट्या की जोडलेल्या, हे ओळखायची सोपी रीत सांगा.

एक पाकळी टोकाशी धरून हळूच ओढा. एकटी निघाली तर सुट्या, अख्खा दलपुंज हातात आला तर जोडलेल्या. सदाफुलीत नळीसकट सगळं बाहेर येतं आणि हिरवा निदलपुंज देठावर राहतो. तरवडाची एकेक पिवळी पाकळी वेगळी निघते.

पारिजातकात तर ओढायचीही गरज नाही. पहाटे झाडाखाली जो सडा पडतो तो बघा, फुलाच्या तळाशी हिरवं काही सापडणार नाही. निदलपुंज वर फांदीवरच राहिला आहे आणि आपण वेचतो तो नुसता दलपुंज, पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी नळीचा. पुंकेसर त्या नळीला आतून चिकटलेले असतात म्हणून तेही सोबत येतात. बकुळीचंही तसंच. तिच्या फुलाला मधोमध आयतं भोक असतं, कारण मधलं स्त्रीकेसर झाडावरच राहिलेलं असतं. सुईशिवाय दोऱ्यात ओवता येतात ती याच भोकामुळे.

या रीतीला एक फूल फसवतं, आणि ते नेमकं परीक्षेतलं लाडकं फूल आहे. जास्वंद. जास्वंदीच्या पाकळ्या एकमेकींपासून सुट्या आहेत, पण तळाशी प्रत्येक पाकळी मधल्या पुंकेसरांच्या नळीला चिकटलेली आहे. त्यामुळे कोमेजलेलं फूल ओढलं की सगळं एकत्र निघतं आणि मुलं 'जोडलेल्या' लिहून मोकळी होतात. ब्लेडने तळाशी उभा काप घेऊन बघा. पाकळी आणि पाकळी यांच्यामध्ये फट दिसेल.

११. झेंडूच्या एका फुलाला किती पाकळ्या असतात? मोजताना दमलो.

ज्याला तुम्ही पाकळी म्हणता ती पाकळी नाही, ते एक अख्खं फूल आहे. आणि ज्याला फूल म्हणता तो फुलांचा गुच्छ आहे.

दारावरच्या तोरणातला एक झेंडू घ्या आणि त्यातली एक 'पाकळी' अगदी मुळापासून उपटा. वरचा पसरट केशरी भाग खाली येता येता नळीसारखा वळलेला दिसेल. त्या नळीच्या तोंडातून दोन टोकांचा बारीक पिवळा धागा बाहेर डोकावतो, ते स्त्रीकेसर. सगळ्यात खाली काळपट, काडीसारखा लांबट भाग, ज्याला आपण झेंडूचं बी म्हणून पेरतो. आणि काडी जिथे नळीला मिळते तिथे दोन-चार टोकदार खवले. ते खवले म्हणजे या चिमुकल्या फुलाचा निदलपुंज. केशरी भाग हा त्याचा दलपुंज, पाच पाकळ्या जुळून एका बाजूला पसरलेला. म्हणजे तोरणातल्या एका झेंडूत कोरोला डझनांनी असतात.

मग खालची हिरवी वाटी कोणाची? ती निदलपुंज नाही. पूर्ण गुच्छाभोवतीची पानं जुळून ती झालेली आहे. इथे चूक होणार हे गृहीत धरूनच हा प्रश्न परीक्षेत विचारतात.

सूर्यफूल आणि शेवंती याच कुळातल्या. सूर्यफुलात कडेची पिवळी फुलं पसरट आणि मधल्या तबकडीतली नळीसारखी, असे दोन्ही प्रकार एकत्र दिसतात. आपल्याकडच्या करडईत मात्र कडेची पसरट फुलं नसतातच, सगळी नळीसारखी. करडईच्या वाळवलेल्या 'पाकळ्या' चहासाठी विकतात. त्यातला एक धागा कोमट पाण्यात भिजवून उलगडा, टोकाला पाच अरुंद फाके दिसतील. ती पाकळी नव्हे, एका फुलाचा सबंध दलपुंज आहे.

१२. बोगनवेलीच्या गुलाबी पाकळ्या इतके दिवस कशा टिकतात?

कारण त्या पाकळ्या नाहीत. ती रंगीत पानं आहेत, सहपत्रं. सोलापूरच्या उन्हात दुभाजकावरची बोगनवेल सगळं सोसून रंगीत राहते ती त्यांच्यामुळे. तीन रंगीत पानांच्या मध्ये बघा, प्रत्येक पानाला चिकटून एक बारीक नळी असते आणि तिचं तोंड पांढरट चांदणीसारखं उघडतं. खरं फूल ते.

आता खरी मेख. ती पांढरी चांदणीसुद्धा कोरोला नाही! या कुळात दलपुंज नसतोच, बाहेरचा वेढाच पाकळ्यांसारखा रंगीत झालेला असतो. गुलबक्षीचं तेच. संध्याकाळी उमलणारा तो गुलाबी कर्णा बघून कोणीही 'जोडलेल्या पाकळ्या' म्हणेल, आणि खालची हिरवी वाटी बघून 'निदलपुंज' म्हणेल. प्रत्यक्षात कर्णा हा निदलांचा आणि वाटी सहपत्रांची. धोत्रा आणि गुलबक्षी शेजारी ठेवून मुलांना विचारते तेव्हा डोळ्यांवर विसंबणारे हमखास चुकतात. वेढे पहिल्या प्रश्नातल्या रीतीनेच मोजायचे, पण सहपत्रं त्यात धरायची नाहीत.

१३. निशिगंधाला निदलं का दिसत नाहीत?

दिसतात, पण ओळखू येत नाहीत. हारातलं निशिगंधाचं एक फूल उघडलंत तर सहा पांढरे फाके आहेत, तीन बाहेरच्या वेढ्यात आणि तीन आतल्या. दोन्ही सारखेच पांढरे, जाड. अशा वेळी निदलपुंज-दलपुंज असा भेद न करता सगळ्यांना परिदल म्हणायचं. सातव्या प्रश्नातला 'टेपल' तो हाच. लिली, कांदा, लसूण यांचंही असंच. दुहेरी निशिगंधात फाके सहाहून बरेच जास्त असतात, त्याचं कारण सतराव्या प्रश्नात.

१४. आमच्याकडे बतुकम्माला तंगेडू आणि गुनुगू लागतात. त्या फुलांचा कोरोला कसा असतो?

बतुकम्मा म्हणजे तेलुगू घरांत नवरात्राच्या सुमारास फुलं थरावर थर रचून मांडतात ती. हा प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीतून येतो आणि मला फार आवडतो, कारण एकाच बतुकम्मात एक दलपुंजवालं आणि एक बिनदलपुंजाचं अशी दोन फुलं शेजारी रचलेली असतात.

तंगेडू म्हणजे आपला तरवड. पाच पिवळ्या पाकळ्या, सुट्या, पण सगळ्या एका मापाच्या नाहीत. चांगला ठसठशीत दलपुंज. गुनुगू म्हणजे कुरडू. ज्वारीच्या, तुरीच्या शेतात तणासारखा उगवतो तो गुलाबी-पांढरा तुरा. त्या तुऱ्यात शेकडो बारकी फुलं असतात आणि एकालाही पाकळी नसते. पाच कोरडे, कागदासारखे परिदल, बस्स. कोरडे आहेत म्हणूनच खुडल्यावरही कुरडूचा रंग आणि आकार दिवसेंदिवस तसाच राहतो. तरवडाच्या पाकळ्या संध्याकाळपर्यंत मान टाकतात.

१५. डाळिंबाच्या डोक्यावरचा मुकुट म्हणजेच कोरोला का?

नाव मुकुटाचं, फळावर मुकुट, म्हणून हा तर्क सगळेच करतात. पण नाही. तो निदलपुंज आहे.

बागेत कळी निघाली की बघा. लालभडक, जाड, चामड्यासारखं कवच असतं ना, ते निदलपुंज. टोकाशी ते पाच ते आठ फाक्यांत उकलतं. त्यातून ज्या चुरगळलेल्या, पातळ, रेशमी पाकळ्या बाहेर येतात तो दलपुंज. कळीत दाबून भरलेल्या असतात म्हणून उमलल्यावरही त्यांच्या सुरकुत्या जात नाहीत. पाकळ्या थोड्या दिवसांत गळतात. जाड निदलपुंज मात्र फळासोबत राहतो, वाढतो, आणि 'भगवा' या डाळिंबाच्या जातीच्या पक्व फळावर तोच मुकुट होऊन बसतो. फळ फोडायच्या आधी मुकुटाच्या आत बोट घाला, वाळलेले पुंकेसर हाताला लागतील.

शेतकऱ्यांचा जोडप्रश्न असतो : 'पाकळ्या गळायला लागल्या, म्हणजे सेटिंग (फळधारणा) गेलं का?' पाकळ्या गळणं नैसर्गिक आहे. काळजी करायची ती अख्खं फूल देठापासून गळतं तेव्हा. त्यातही डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. तळाशी फुगीर, कलशासारखी असतात ती फळ धरतात. घंटेसारखी, तळाशी निमुळती असतात ती नर फुलं, ती गळणारच.

१६. रुईच्या फुलातला मधला मुकुट, कण्हेरीची झालर, कृष्णकमळाचे धागे… हे कोरोलाचे भाग आहेत का?

यांना वनस्पतिशास्त्रात कोरोनाच म्हणतात. हो, तोच शब्द, यावेळी फुलाच्या आत. दलपुंज आणि पुंकेसर यांच्यामध्ये जो जादा वेढा निघतो त्याचं हे नाव. तो निघतो कुठून हे मात्र फुलागणिक वेगळं. कण्हेरीत नळीच्या तोंडाशी जी चिरफाळलेली झालर दिसते ती पाकळ्यांचीच वाढ आहे. रुईत मधला पंचकोनी मुकुट पुंकेसरांच्या नळीपासून निघालेला असतो. शनिवारी मारुतीला घालायच्या माळेतलं एक फूल घ्या. बाहेर पसरलेले किंवा मागे वळलेले पाच जांभळट-पांढरे फाके हा दलपुंज, आणि मधलं उभं नक्षीकाम हा कोरोना. कृष्णकमळात गोल पसरलेले जांभळे-पांढरे धागे म्हणजे कोरोना, आणि त्यांच्या खाली निदलं-पाकळ्या.

१७. दुहेरी जास्वंदीत आणि गुलाबात पाकळ्या वाढतात त्या येतात कुठून?

बहुतेक वेळा पुंकेसरांकडून. पुंकेसर व्हायचा तो अवयव पसरट होऊन पाकळी बनतो. दुहेरी जास्वंदीत हे रंगेहाथ पकडता येतं. आतल्या पाकळ्या एकेक करून काढत जा, कुठेतरी अर्धवट रूपातली एक सापडेल, कडेला परागकोश चिकटलेली वेडीवाकडी पाकळी. रानगुलाबाला पाकळ्या पाचच असतात. बागेतल्या गुलाबाच्या बाकी सगळ्या अशाच आल्या. म्हणून प्रात्यक्षिकाला दुहेरी फूल आणू नका, साधी पाच पाकळ्यांची तांबडी जास्वंद आणा.

१८. पुष्पसूत्रात निदलपुंजाला के आणि दलपुंजाला सी का?

पुष्पसूत्र म्हणजे फुलाची रचना अक्षरं आणि आकड्यांत लिहायची रीत. इंग्रजीत दोघांचीही नावं, कॅलिक्स (निदलपुंज) आणि कोरोला, सी या अक्षराने सुरू होतात. एकाला दुसरं अक्षर द्यायला हवं, म्हणून कॅलिक्सला त्याच्या ग्रीक रूपातला के दिला. आकडा म्हणजे संख्या, कंस म्हणजे जोडलेले. जास्वंद : के (५) सी ५. धोत्रा : के (५) सी (५). निशिगंधाला के-सी नाहीत, परिदलाचा पी आहे : पी (३+३). पुंकेसर पाकळ्यांना चिकटलेले असतील तर सी आणि ए (पुमंग) यांच्या डोक्यावर कमान काढायची. ती विसरली की अर्धा गुण गेलाच म्हणून समजा.

१९. मंगळवेढ्याच्या ज्वारीला फूल येतं का? आलं तर त्याचा कोरोला कुठे असतो?

फूल येतं. कणसावर पिवळसर परागकोश लोंबायला लागतात तेव्हा ज्वारी फुलोऱ्यात असते. पण गवताच्या कुळात पाकळ्यांना काम उरलेलं नाही. परागण वाऱ्यावर होतं, कीटकाला बोलावायचं कारण नाही. ज्याला आपण फोलपट म्हणतो ती फुलाभोवतीची पानं आहेत, पाकळ्या नव्हेत.

तरी शोधायचंच असेल तर भिंग घ्या. फुलोऱ्यातल्या कणसातलं एक कणिशक, म्हणजे दाण्याएवढा बारका फुलांचा झुबका, सुईने उकला. अंडाशयाच्या तळाशी दोन अगदी बारीक, मांसल खवले दिसतात. आतल्या परिदलांचे ते उरलेले अवशेष मानले जातात. एवढेसे असले तरी बिनकामाचे नाहीत. फुलायच्या वेळी ते पाणी घेऊन फुगतात आणि बाहेरची फोलपटं रेटून बाजूला सारतात, तेव्हा कुठे परागकोश बाहेर लोंबतात. हे बघायचं तर कणसं फुलोऱ्यात असतानाच सकाळी लवकर शेतात जायला हवं. हुरड्याच्या वेळी गेलात तर उशीर झालेला असतो, तेव्हा दाणे भरलेले असतात.